पन्नास मिनिटे मिळवा

मी एक पुस्तिका बोलतेय. बारा पानांची, झेरॉक्सवर काढलेली, मधोमध दोन पिना मारलेली. अंगावर लिहिलंय, 'भरती-ओहोटी प्रोग्राम : वापरण्याची माहिती. आवृत्ती दुसरी.' पुस्तक म्हणवून घेण्याची माझी लायकी नाही. लग्नात नवरीच्या मागे एखादी लांबची मावशी उभी असते, फोटोत अर्धीच येते, तसा माझा मान. खरा मान प्रोग्रामचा. तो फ्लॉपीत राहतो, मी त्याच्यासोबत येते. कोणी वाचलं तर वाचलं.

तरीही एका बाईच्या मरणात माझा हात आहे. म्हणून आज बोलते आहे, नाहीतर आमच्या जातीला बोलायची सवय नसते.

माझा जन्म रोह्याचा. म्हणजे रोह्यासमोर, कुंडलिका नदीच्या पुलापलीकडे अष्टमी गावचा. तिथे हर्षद नावाचा माणूस राहतो, एका कारखान्यात कंप्युटरवर काम करतो. त्याचं आजोळ पेणकडचं, खाडीकाठचं. मामा मिठागरावर राबायचे. भरतीची वेळ हवी असली की ते कॅलेंडरात मुंबईची वेळ बघत आणि तिच्यात पन्नास मिनिटे मिळवत, कारण समुद्राचं पाणी खाडीतून आत चढत त्यांच्या गावापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. लहानपणी पाहिलेलं हे गणित हर्षदनं कंप्युटरला शिकवलं. महिना सांगा, महिनाभराच्या वेळांचा कागद छापून हातात.

त्याची एक गोष्ट मला आवडायची. प्रोग्राम त्यानं विकला नाही. जगात पुष्कळ लोक आपले प्रोग्राम फुकट वाटतात, त्यांची आतली मांडणीही उघडी ठेवतात, हे त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. यानंही तसंच केलं. ज्याला हवी त्यानं फ्लॉपी घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, चूक दिसली तर स्वतःच्या हातानं सुधारून पुढे पाठवावी. हाच नियम मलाही लागू होता. प्रोग्रामच्या आतलं सुधारायला कोणी पुढे येत नव्हतं, ते सगळ्यांना थोडंच येतं? माझ्यातलं सुधारायला मात्र एक जण आली. तिचं नाव प्रतिक्षा.

प्रतिक्षा पेणच्या एका टायपिंग आणि कंप्युटर क्लासात शिकवायची. घर खाडीकाठच्या वाडीत. रोज एसटीनं ये-जा. दर महिन्याला क्लासच्या कंप्युटरवर भरतीचा कागद छापून ती वाडीत न्यायची. हाताला टापटीप इतकी की क्लासातल्या खुर्च्यासुद्धा जाता जाता रांगेत लावायची. माझ्या पहिल्या आवृत्तीत एका पानावर आधी तारीख मग महिना, दुसऱ्या पानावर आधी महिना मग तारीख असं झालं होतं. गडब गावच्या एका शेतकऱ्यानं त्यापायी भलत्याच महिन्याचा कागद छापून नेला आणि बिचारा आठवडाभर कंप्युटरला शिव्या देत बसला. प्रतिक्षानं सगळीकडे एकच पद्धत केली. त्यानंतर तसा घोटाळा कोणाचा झाला नाही.

हर्षद मात्र तिची टर उडवायचा. "अगं, नवरीचं लग्न व्हायचंय आणि तू मांडवातल्या पताका सरळ करतेस," असं म्हणायचा. ती हसायची आणि पताका सरळ करायची. मी दोघांच्या मधली. मला तीच जवळची वाटायची. आपल्याकडे कोणी लक्ष देऊन बघतंय याचं अप्रूप कोणाला नसतं?

आता तिच्या घरच्यांची ओळख करून देते. वडील पुंडलिक. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून वाडीभोवती मातीचा लांबच लांब बांध आहे, त्या बांधाची देखरेख त्यांच्याकडे. शिक्षण चौथीपर्यंत, वाचताना ओळीवर बोट. आई चंद्रावती. जन्म चिखलात काम करण्यात गेला, त्यात गुडघे कामातून गेले. पण घरी बसली असं नव्हे. तिला एक काम होतं, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं होतं.

बांधाला कुठे भगदाड पडलं तर त्याला खांड म्हणतात. खांड बांधायला घरटी एक माणूस यायचंच, मग लग्नाची हळद लागलेली असो. ओहोटी लागली की सगळे खांडीत उतरतात, चिखलाचे गोळे हातोहात पुढे देतात आणि भरती यायच्या आत भिंत उभी करतात. समोर तिवरांची दाट झाडी. पाणी तिच्या आडून येतं, खांडीत उभ्या माणसाला दिसत नाही. म्हणून झाडीच्या पुढे काठी रोवून एक माणूस पाण्यावर बसवायचा. पाणी काठीच्या खुणेला लागलं की त्यानं हाक मारायची आणि सगळ्यांनी वर यायचं. वाडीत हे काम बारा वर्षं चंद्रावती करत होती. मांडीखाली पोतं, तोंडात मिश्री आणि आवाज असा की पलीकडच्या वाडीतली कुत्री उठावीत.

अठ्ठ्याण्णव साली, पावसाळ्यात, हर्षदनं दुसरी आवृत्ती काढली. तिच्यात त्यानं एक सोय केली. ती पन्नास मिनिटे आता प्रोग्रामच मिळवू लागला. कागदावर थेट खाडीची वेळ छापून यायची. फार चांगली सोय. माझ्या नवव्या पानावर त्यानं एक ओळही घातली, 'पन्नास मिनिटे मिळवू नयेत.' पण चौथ्या, सहाव्या आणि अकराव्या पानावर पहिल्या आवृत्तीतली ओळ तशीच राहिली, 'पन्नास मिनिटे मिळवा.' हर्षद तेव्हा पडद्यावर भरतीचं रंगीत चित्र काढण्यात गुंग होता. माझ्याकडे बघतो कोण!

प्रतिक्षा मला मोठ्या कौतुकानं घरी घेऊन आली. पुंडलिकांनी ओळीओळीवर बोट फिरवत मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. असं वाचणारे ते एकटेच. मग मला खाटेवर टाकून म्हणाले, "हे पुस्तक हाय का सासू-सुनेचं भांडण? एक बोलते मिळवा, दुसरी बोलते मिळवू नका. मी ऐकू कोणाचं?"

"बाबा, छापण्यात राहिलं असेल," प्रतिक्षा म्हणाली.

"राहू दे गो. माझी काठी हाय आणि तुझी आई हाय. त्यांचं भांडण नाय होत."

चंद्रावती चुलीपुढून म्हणाली, "भांडन झालं तरी मीच जिकेन."

सगळे हसले. प्रतिक्षा नाही हसली. क्लासात शिकवणारी मुलगी, तिनं आणलेली वस्तू घरच्यांनी खाटेवर टाकली, ते तिला लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बूथवरून हर्षदला फोन केला. पुस्तिकेत दोन ठिकाणी दोन गोष्टी लिहिल्यात, असं सांगितलं. तो घाईत होता. "प्रोग्राम नीट चालतो ना? मग झालं. पुस्तिकेतल्या एवढ्यातेवढ्यानं कोणाचं काय अडतंय? तुला खुपत असेल तर तूच सगळं एकसारखं कर. उघडंच तर ठेवलंय," म्हणाला आणि फोन ठेवला. तिनं विचारायला हवं होतं ते विचारलं नाही आणि त्यानं सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. बूथवर तिच्या मागे चार माणसं ताटकळत उभी होती, हेही खरं.

पण ती आंधळेपणानं काम करणारी नव्हती. घरी येऊन तिनं वडिलांना विचारलं, "बाबा, मुंबईची भरती आपल्याकडे कितीनं उशिरा येते?"

"पन्नास मिनटानं. माझ्या आज्यापासून आपण पन्नास मिळवतोय."

"नक्की?"

"व्हय गो. यात इचारायचं काय?"

"यांचं लगीन पन पन्नास मिनटं उशिरानंच लागलं," चंद्रावतीनं आतून पुस्ती जोडली.

वडिलांचं उत्तर शंभर टक्के खरं होतं. मुंबईच्या वेळेत पन्नास मिळवायचीच असतात. फक्त कागदावर आता मुंबईची वेळ राहिलेली नव्हती, आणि ते त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. प्रतिक्षानं हिशेब केला. तीन पानं मिळवा म्हणतात, एकच नको म्हणतं, आणि बाबा तीन पानांच्या बाजूचे. तिनं नवव्या पानावरची ओळ बदलली. माझं चौथं आणि नववं पान एकाच कागदावर येतं, इतकी शेजारी असून ती भांडत होती. तो कागद काढून तिनं नवा घातला, पुन्हा पिना मारल्या. तशाच सव्वीस प्रती काढून ठिकठिकाणी पाठवल्या आणि कोणाकोणाला दिल्या त्यांची नावं माझ्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आतून कुठेतरी टोचत होतं ते थांबलं होतं. पुंडलिकांनी मला पुन्हा वाचलं, मान डोलावली आणि या वेळी खाटेवर न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला लावलं. "आता कसं! चारी पानं एका तोंडानं बोलतायत," ते म्हणाले. प्रतिक्षाचा चेहरा काय फुलला होता!

ऑक्टोबरात, पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड पडली. आत भाताच्या लोंब्या भरत आलेल्या. खारं पाणी आठवडाभर शिरत राहिलं असतं तर वाडीचं वर्षाचं पीक करपलं असतं. उधाण जरा ओसरू दिलं आणि चौथ्या दिवशी सकाळी घरटी एक माणूस बांधावर जमला. प्रतिक्षानं रजा घेतली होती. मला पुंडलिकांनी पिशवीसकट बांधावरच्या खुंटाला टांगलं, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं.

कागदावर ओहोटीची वेळ होती नऊ पन्नास. पुंडलिकांनी माझ्या सांगण्याप्रमाणे पन्नास मिळवून दहा चाळीस केली. ओहोटीनंतर खांडीपर्यंत पाणी परत यायला दोन तास. म्हणजे बारा चाळीस. आजवर त्यांनी इतक्या भरवशानं वेळ मोजली नव्हती. ते म्हणाले, "आज घाई नको. वरवर लिंपलं तर पुढच्या उधाणाला परत फुटेल. तळाची कुजकी माती उपसू आणि पायापासून बांधू."

मग पोतं आणि काठी घेऊन निघालेल्या चंद्रावतीला त्यांनी थांबवलं. "आज पाण्यावर माणूस नको. येळ पक्की हाय. तू खाली ये, गोळे पुढं दे. हात कमी पडतायत."

"माझे गुडघे?"

"उभ्यानं तर द्यायचेत."

ती क्षणभर तिवरांकडे बघत राहिली. "मला नाय बरं वाटत. पाणी काय कागद वाचून येतं?"

"आये, पक्की आहे गं वेळ," प्रतिक्षा म्हणाली. "मी स्वतः तपासलंय."

लेकीनं तसं म्हटल्यावर तिनं काठी बांधाला टेकवली आणि पदर खोचून खाली उतरली. लेकीच्या शिक्षणाचा तिला अभिमान होता. मी खुंटावर लटकत होते. मला तोंड असतं तर मी तेव्हा ओरडले असते का? नसते. मलाही ती वेळ पक्कीच वाटत होती.

बाराला दहा कमी असताना पाणी आलं. खांडीत पुरुषभर खोल खणलेलं, पुढची ओली भिंत जेमतेम कमरेइतकी. आधी भिंतीच्या बुडातून पाझर फुटला, तो सगळ्यांना चिखलाचं पाणी वाटलं. मग शेजारच्या सरूनं वर बघितलं आणि किंकाळी फोडली. माणसं एकमेकांना ओढत वर चढली. ओली भिंत बसली ती एकदम, आणि तिच्यामागून पाणी आत घुसलं. चंद्रावती तळाला, अगदी भिंतीला लागून उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेले पाय तिला उपसता आले नाहीत. पुंडलिकांच्या हातात तिच्या बांगड्यांचे तुकडे राहिले.

ती रात्रीच्या ओहोटीत सापडली. भातही गेलं. त्या भाताबद्दल वाडीत पुढे कितीतरी दिवस कोणी एक शब्द काढला नाही.

लोक म्हणाले, उधाण दगाबाज असतं. म्हणाले, भिंत कच्ची पडली. माझं नाव कोणी घेतलं नाही. मी पुन्हा घरातल्या खुंटीवर आले. दिवस-कार्य उरकल्यावर प्रतिक्षानं मला खाली काढलं, आईची काठी उचलली आणि सलग पाच दिवस तिवरांच्या पुढे आईच्या जागेवर जाऊन बसली. हातात घड्याळ. पाणी कधी वळलं ते तिनं माझ्या कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं. पाची दिवस उत्तर एकच आलं. कागदावरची वेळ होती तशीच बरोबर होती, तिच्यात काहीच मिळवायचं नव्हतं. पाचव्या दिवशी तिचं अक्षर इतकं वाकडं आलं की मलाच वाचता येत नव्हतं.

ती मला घेऊन अष्टमीला हर्षदच्या घरी गेली. हर्षदनं तिच्यासमोर प्रोग्राम उघडला. आत पन्नास मिनिटे मिळवलेली स्पष्ट दिसत होती.

"मी पान नऊवर लिहिलं होतं, प्रतिक्षा," तो म्हणाला.

"एकाच पानावर लिहिलं होतंत, दादा."

"आणि तू तेच पुसलंस."

दोघंही खरं बोलत होते. मग हर्षद हळू आवाजात म्हणाला, "आपण तिसरी आवृत्ती काढू. चारी पानं नीट करू. एक ओळ तर आहे. का बदलली ते लिहायची काही गरज नाही. तुझ्या बाबांनाही कळायला नको, त्यांनीच होकार दिला होता. म्हातारा माणूस मरून जाईल."

परतीच्या गाडीत ती मला मांडीवर धरून बसली होती. नागोठण्यापर्यंत तिनं खिडकीबाहेरही पाहिलं नाही. मला वाटलं, ही गप्प राहणार. गप्प राहिली असती तर मी तिला दोष दिला नसता. आई तर गेलीच होती, आता बापाला काय म्हणून मारायचं?

घरी पुंडलिक ओट्यावर बसले होते. तिनं मला त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि एकेक पान दाखवत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, चुकीची ओळ मी लिहिली."

पुंडलिकांनी नवव्या पानावर बोट ठेवलं. फार वेळ ठेवलं. "तू इचारलंस," ते म्हणाले. "मी व्हय बोललो. आणि तिला पाण्यावरून मी उठवली. तू नाय."

त्यानंतर ते माझ्याशी, कंप्युटरशी, कागदाशी बोलले नाहीत. लेकीशी बोलतात, पण जेवायला बोलावलं तर तेवढंच. सकाळ-संध्याकाळ तिवरांपुढे जाऊन बसतात, बांधाचं काम असो वा नसो.

प्रतिक्षा शेवटच्या पानावरची नावं घेऊन निघाली. रविवारी आणि रजा काढून, एसटीनं आणि पायी. गडब, नागोठणे, रोह्याकडची खाडीकाठची गावं. प्रत्येक प्रतीत तिनं चारी ओळी स्वतःच्या हातानं खोडल्या, खरं ते लिहिलं आणि खाली लिहिलं, 'आधीची ओळ माझी. तिच्यामुळे माझी आई चंद्रावती खांडीत गेली.' आणि सही. एका गावात एक गृहस्थ हसून म्हणाले, "एवढ्या एका ओळीसाठी पेणवरून आलात?" ती व्हय म्हणाली आणि पेन पुढे केलं. खालचं वाचल्यावर ते गृहस्थ पाणी आणायला आत गेले.

हर्षदची तिसरी आवृत्ती नव्या वर्षात आली. चारी पानं बरोबर आहेत. शेवटी काय काय बदललं त्याची यादी आहे. रंगीत चित्राबद्दल सहा ओळी आहेत. मग लिहिलंय, 'पान चार, सहा, नऊ, अकरा : किरकोळ दुरुस्त्या.' प्रतिक्षानं ते वाचलं, मिटून ठेवलं आणि त्या दिवशी क्लासात शिकवायला गेली नाही.

अशा लहान दुरुस्त्या करण्यात अर्थ आहे का, असं मला विचाराल तर सांगते. तारखांची दुरुस्ती करताना ती त्या शेतकऱ्याच्या हातातला भलता कागद बघून आली होती. माझ्या वेळी ती फक्त पानं बघून आली. मी भांडत होते तोवर निदान लोक शंका घेत होते. मला गप्प करण्याआधी तिनं एकदा खाडीवर जायला हवं होतं, आणि हर्षदनं एकदा माझ्याकडे बघायला हवं होतं. दोघांचंही तासाभराचं काम.

आता माझ्या पिना गंजल्यात, कडा चिखलानं पिवळ्या झाल्यात. माझं काय व्हायचं ते होवो. एकच विनंती आहे. सव्वीस प्रतींपैकी पंचवीस सापडल्या. सव्विसावी नेणारा माणूस मिठागराचं काम सुटल्यावर दुसऱ्या कुठल्या खाडीवर गेला, पत्ता कोणाला ठाऊक नाही. ती तुमच्याकडे असेल, तर चार, सहा, नऊ आणि अकरा ही पानं वाचू नका, पेणला कळवा. ओळखायला सोपी आहे. कुठे खाडाखोड नाही, सगळी पानं एकच सांगतात, आणि वाचणाऱ्याला जराही शंका येत नाही.